फ्रीजरवरची वाकळ

नळदुर्गाहून उमरग्याकडं निघालं की हमरस्त्याला लागूनच एक धर्मादाय दवाखाना आहे. त्याच्या मागच्या अंगाला, बाळंतिणींच्या खोल्या ओलांडल्या की शेवटची पत्र्याची खोली प्रयोगशाळेची. त्या खोलीची किल्ली गेली सहा वर्षं बुद्धघोष बनसोडे यांच्या करदोट्याला असते. आंघोळीलासुद्धा ते ती काढत नाहीत.

हुद्दा म्हणाल तर प्रयोगशाळा परिचर. दवाखान्यात सगळे मामा म्हणतात. वडिलांनी मोठ्या हौसेनं ठेवलेलं नाव पंचक्रोशीत कुणालाच धड म्हणता आलं नाही. खेड्यांतल्या म्हाताऱ्या 'बुधगोस' म्हणतात, पोरंसोरं 'रगातवाले मामा' म्हणतात, आणि मामा दोन्हीला ओ देतात. अंगानं शिडशिडीत, वय चौपन्न, पायात कायम एकाच जातीची रबरी चप्पल. बोलणं कमी, पण बोललेलं पाळायचं याची फार खोड.

त्या खोडीपायीच हे सगळं घडलं.

सहा वर्षांपूर्वी दवाखान्याचे मोठे डॉक्टर कृष्णराज यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. उन्हात राबणारी चाळिशीच्या आतली माणसं किडनी निकामी होऊन येत होती. ना साखरेचा आजार, ना रक्तदाब. दगड फोडणारे, ऊस तोडणारे, कुणी नुसतेच दुसऱ्याच्या रानात जाणारे. डॉक्टरांनी ठरवलं, अकरा गावांतली एकशेऐंशी माणसं निवडायची, दर वर्षी उन्हाळ्याआधी एकदा आणि उन्हाळा सरल्यावर एकदा त्यांचं रक्त घ्यायचं, त्यातलं वरचं पिवळं पाणी वेगळं करून बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत गोठवून ठेवायचं. सहा वर्षांचं जमलं की सगळं एकदम पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासायचं. एकाच माणसाचं सहा वर्षांचं रक्त शेजारी शेजारी ठेवलं, तर आजार नेमका कधी आणि कशानं शिरला ते कळेल. हे काम पाहायला सृष्टी नावाची लातूरची मुलगी आली. तिची पीएचडीच त्यावर होती.

पण रक्त देणार कोण? गाडी गावात गेली की बाया दारं लावून घ्यायच्या. डॉक्टर विकतात म्हणे. परदेशात धाडतात म्हणे. तेव्हा मामा पुढं झाले. प्रत्येक उंबऱ्यावर बसून, चहा पिऊन, त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "तुमचं रगत म्या इकणार न्हाय, सांडणार न्हाय, नासू देणार न्हाय. जिम्मा माझा."

डॉक्टरांनी असा शब्द कुणाला दिला नव्हता. सृष्टीनं तर छापील संमतिपत्रच आणलं होतं, त्यात 'शक्य ती काळजी' असं लिहिलेलं होतं. लोकांनी कागदावर अंगठा उठवला तो मामांच्या तोंडाकडं पाहून.

मग दोन हजारांवर नळ्या जमल्या आणि त्या सगळ्या एका डीप फ्रीजरमध्ये गेल्या. पांढरी, आडवी, वरून झाकण उघडायची पेटी. उणे वीसवर चालणारी. मामा सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला तिच्यावरचा आकडा वहीत लिहायचे. एकदा वॉचमन ज्ञानोबानं दुपारच्या उन्हात त्यात कलिंगड ठेवलं, तर मामांनी ते बाहेर काढून त्याच्या हातात दिलं आणि वर त्याच्याकडून लिहून घेतलं, की ही खोली मामांशिवाय कुणालाही उघडून द्यायची नाही. मग चांगलं जाडजूड कुलूप आणलं, सोलापूरहून, चार दुकानं फिरून.

आपल्याकडं उन्हाळ्यात वीज जाते हे काही सांगायला नको. इन्व्हर्टर होता, पण तो पंख्यापुरता. डीप फ्रीजर त्यावर तासभरही तगत नसे. पहिल्याच वर्षी सृष्टीनं समजावून सांगितलं होतं, की वीज गेली की झाकण उघडायचं नाही आणि पेटीवर काहीतरी जाड घालायचं, म्हणजे आतला गारवा आत राहतो. मामांनी घरी जाऊन तीन वाकळा आणल्या. कलावतीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेल्या, अंगावर घेतल्या तर माणूस दबून जाईल अशा. पण वीज आली की वाकळ लगेच काढायची, हेही सृष्टीनं तेव्हाच सांगितलं होतं. या पेटीची सगळी उष्णता तिच्या बाजूंमधून बाहेर पडते. चालू असताना बाजूला हात लावला तर नुकत्या उतरवलेल्या तव्यासारखी लागते. ती वाट बंद झाली तर यंत्र आतल्या आत गुदमरतं.

सहा वर्षांत मामांचा हा नेम एकदाही चुकला नाही. घर दवाखान्याच्या कुंपणाला लागूनच. घरातला पंखा थांबला की ते ताटावरून उठायचे, पंखा फिरला की पुन्हा उठायचे. कलावती म्हणायची, "त्या पेटीला इतक्यांदा पांघरूण घालता, मला जल्मात एकदा घातलं असंल तर शपथ." मामा हसून चप्पल पायात घालायचे.

यंदा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पारा चव्वेचाळीसवर गेला. आठ दिवसांनी नळ्या पुण्याला जायच्या होत्या. त्यासाठी लागणारा कोरडा बर्फ आणि गाडी ठरवायला सृष्टी पुण्याला गेलेली. मंगळवारी दुपारी अंधारून आलं, पाऊस टिपूस पडला नाही, पण वावटळ अशी उठली की अणदूरच्या बाजूचे विजेचे खांब ओळीनं आडवे झाले. वीज गेली. मामांनी तिन्ही वाकळा पेटीवर घातल्या, कडा खाली खोचल्या आणि आकड्यापुरती एक फट ठेवली. त्या आकड्याला बॅटरी होती.

बुधवारी सकाळी आकडा उणे तेरावर आला.

मामा डॉक्टरांकडं गेले. दवाखान्यात जनरेटर होता, पण छोटा, आणि तो आधीच कण्हत होता. डॉक्टर मामांना बाळंतिणींच्या खोलीशी घेऊन गेले. काचेच्या पेटीत दोन बाळं होती. एक दीड किलोचं, एक त्याहूनही कमी. जनरेटरवर आणखी एक पेटी टाकली तर हे बंद पडेल, असं डॉक्टर म्हणाले. मामांना वाटलं, आपण विचारलंच कशाला.

मग त्यांना बसप्पा आठवला. बसप्पा नळदुर्गाच्या स्टँडसमोर कुल्फी विकतो. मूळचा आळंदच्या बाजूचा, बोलताना निम्मं कानडी. त्याच्या लाकडी पिंपात दिवसभर कुल्फी दगडासारखी राहते, तीही विजेशिवाय. मामांनी विचारल्यावर त्यानं गुपित असं काही ठेवलं नाही. "मीठ रीऽ अण्णा. नुसता बर्फ पाणी होतो. बर्फात खडेमीठ दाबून भरला की तो फ्रीजच्या बापाला ऐकत न्हाय." मात्र बर्फ नव्हता. नळदुर्गात लग्नसराईनं होता नव्हता तेवढा उचललेला, आणि कारखाना विजेविना बंद. सोलापूरच्या वाटेवर एक कारखाना चालू असल्याचं कुणीतरी सांगितलं. बसप्पानं आपली ॲपे रिक्षा काढली. मामांनी निघताना खोलीला कुलूप लावलं. लोक येता जाता झाकण उघडून डोकावतात, एवढीच भीती होती. किल्ली करदोट्याला.

खांब उभे करायला अजून दोन दिवस लागतील असं वीज मंडळाच्या माणसानं सकाळीच सांगितलं होतं. म्हणून मामा निर्धास्त होते, असं नाही, पण त्या अंगानं त्यांना घोर नव्हता.

बर्फ मिळाला. दोनच लाद्या, पण मिळाला. भुसा आणि पोती गुंडाळून परत निघाले तोवर दुपारचा एक वाजला होता. हमरस्त्यावर एक ट्रेलर आडवा झालेला, त्यामागं ट्रकांची रांग. ऊन असं, की डांबर चाकाला चिकटत होतं. मामा मागं वळून वळून पोत्यातून गळणारं पाणी बघत होते. कशी तरी रांग ढळली. एका ढाब्याशी रिक्षा हळू झाली तेव्हा ढाब्यातला कूलर धाडधाड करत फिरत होता.

"लाईट आली अण्णा," बसप्पा म्हणाला.

मामा हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. ढाबेवाल्याला हाक मारून त्यांनी खात्री करून घेतली. व्हय, दुसऱ्या लाईनीवरून जोडली म्हणे, पाऊण तास झाला, नळदुर्गापासनं पुढं समदीकडं आली. मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. आता हा बर्फ कुल्फीलाच ठेव, असं ते बसप्पाला म्हणालेसुद्धा.

बसप्पानं सकाळपासून सगळी हकिगत ऐकली होती. गियर टाकता टाकता त्यानं सहज विचारलं, "मग त्या पेटीवरचं पांघरूण कोण काढणार?"

मामांचा हात कमरेला गेला.

त्यांनी ज्ञानोबाला फोन लावला. तीनदा लागला नाही, चौथ्यांदा लागला. खोली उघड म्हणाले. ज्ञानोबा म्हणाला, कुलूप हाय. मामा म्हणाले, तोड.

"तोडू कसं मामा? तुमीच लिहून घेतलंय की माझ्याकडनं."

"म्याच सांगतोय, तोड."

"फोनवर कुनाचाबी आवाज काढत्यात आजकाल. सायबाला इचारतो."

साहेब शस्त्रक्रियेत होते. ज्ञानोबा दाराबाहेर हात बांधून उभा राहिला. त्याचं तरी काय चुकलं? कलिंगडाचं बोलणं तो विसरला नव्हता. मामांनी कलावतीला फोन केला, ती धावत गेली, दगडानं कुलपावर घाव घालू लागली. पण कुलूप चार दुकानं फिरून आणलेलं. मामा पोचले तेव्हा ती घामानं निथळत तिथंच बसली होती आणि कुलूप जागच्या जागी होतं.

किल्लीनं दार उघडलं. खोलीत आधी वास आला, इस्त्रीखाली कापड करपावं तसा. मामांनी वाकळा ओढल्या. फणफणलेल्या माणसाच्या अंगावरून ओढाव्यात तशा त्या गरम होत्या. यंत्र एकदा टक् करून हललं, गप्प झालं. थोड्या वेळानं पुन्हा टक्. मग तेही नाही. आकडा उणे सात.

पुढचं सगळं बसप्पानं केलं. लाद्या फोडल्या, नळ्यांचे डबे प्लास्टिकमध्ये बांधले, त्यांच्या भोवतीनं बर्फाचा थर, त्यावर मूठमूठ खडेमीठ, पुन्हा बर्फ, तळहातानं दाबून, अगदी पिंपात कुल्फी लावतात तसं. आकडा संध्याकाळपर्यंत उणे दहावर जाऊन थांबला. बसप्पा म्हणाला, हा बर्फ उद्या सकाळपर्यंत साथ देईल, त्यापुढं माझ्या हातात न्हाय.

गुरुवारी सकाळी मामांनी हातपाय हलवायचे तेवढे हलवले. तो कारखानाही रिकामा झाला होता. लसींचा फ्रीज होता, पण तो गोठवणारा नव्हे, शिवाय भरलेला. चौकात बजरंगचं आइस्क्रीमचं दुकान, तिथं मोठा डीप फ्रीजर. मामा हात जोडून उभे राहिले. बजरंग भला माणूस. त्यानं मामांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, की लोकांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूशेजारी म्या रगत कसं ठेवू, तुमीच सांगा. मामा पाणी पिऊन उठले. सोलापूरचा मेकॅनिक सोमेश दुपारी येतो म्हणाला होता. त्या दिवसांत सगळ्या जिल्ह्याचे फ्रीज त्याच्याच वाटेकडं डोळे लावून बसलेले.

आकडा उणे पाच. उणे एक. मग एक, नुसता एक, त्याआधीची उण्याची रेघ गेली.

मामांनी एक डबा उघडला. एक नळी चिमटीत धरून तिरकी केली. आतलं पिवळं पाणी या टोकाचं त्या टोकाला गेलं. त्यांनी दुसरी केली. तिसरी केली. खालच्या डब्यातली काढली. मग नळ्या जागच्या जागी ठेवून झाकण लावलं आणि स्टुलावर बसून राहिले. दारात कलावती भाकरीचं फडकं घेऊन आली, त्यांच्याकडं पाहिलं आणि तशीच परत गेली.

सोमेश चारला आला. एक भाग बदलला, वायर जोडली, यंत्र गुरगुरायला लागलं. हात धुताना तो सहज म्हणाला, "सकाळपस्तोर पुन्हा दगड होतील मामा. बघणाऱ्याला काय कळतंय?"

खरंच होतं ते. शुक्रवारी सकाळी आकडा उणे वीस होता. नळ्या पांढऱ्याशुभ्र, कडक, जशा पहिल्यापासून होत्या तशाच. वहीत मात्र गुरुवारच्या दोन ओळी कोऱ्या होत्या. मामांनी पेन उघडलं, बंद केलं.

सृष्टी अकराला उतरली ती थेट खोलीत आली. आकडा पाहिला आणि पाठीवरची पिशवी खाली टाकून पेटीवर दोन्ही हात टेकले. वाटेत पडलेले विजेचे खांब बघून जीव टांगणीला लागला होता, मामा होते म्हणून राहिलं, असं काहीबाही बोलत ती डब्यांवर चिकटवायचे पुण्याचे छापील पत्ते काढायला लागली.

"ताई," मामा म्हणाले, "नळ्या पातळ झालत्या."

"वरच्या?"

"समद्या."

तिनं पत्ते हातात तसेच धरले. "किती वेळ?"

"काल दिस वर आल्यापास्नं चार वाजंस्तोवर. म्या सोता बघितल्या. वाकळ लाईट आल्यावर बी वरच ऱ्हायली. किल्ली माझ्याकडं होती."

ती स्टुलावर बसली. तिनं विचारलं, मला फोन का नाही केलात. मामा म्हणाले, करून तुमी पुण्याहून काय केलं असतं. तिनं पुण्याला फोन लावला. तिकडून जे सांगितलं ते मामांना तिच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं. साध्या दोन-चार तपासण्या होतील, पण ज्यासाठी सहा वर्षं जमवलं ती होणार नाही. एकदा पातळ होऊन गोठलेलं त्या तपासणीला चालत नाही.

डॉक्टरांनी अहवाल लिहिला. 'तीव्र उष्णता व वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे.' मामांनी तो दोनदा वाचला. त्यात वाकळ नव्हती, कुलूपही नव्हतं. त्यांनी तसं विचारलं तेव्हा डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "वीज आली तेव्हा दाब किती होता कुणाला ठाऊक. वाकळ नसती तरी यंत्र गेलं असतं, कदाचित."

या 'कदाचित'चं काय करायचं ते मामांना समजेना. ठाम दोष दिला असता तर तो घेऊन बसता आलं असतं. नाहीच म्हटलं असतं तर सोडून देता आलं असतं. यंत्र बिघडलं ते वाकळीनं, की दाबानं, की त्या चव्वेचाळीसच्या उन्हानं, हे सांगणारं कुणी नव्हतं. कलावती दोन दिवस समजावत राहिली, तुमी झोपला होता का, तुमी पत्ते कुटत होता का, बर्फच आणाया गेलता न्हवं? मामा हो म्हणायचे. पंखा थांबला की मात्र चप्पल घालून उठायचे.

सृष्टी म्हणाली, गावोगाव फोन करून कळवू. मामा म्हणाले, नको. म्या जातो.

अणदुरात ते पहिल्यांदा लक्ष्मीबाईंच्या दारी गेले. लक्ष्मीबाई आणि त्यांचे मालक कोंडीराम, दोघंही रक्त देणाऱ्यांत. कोंडीराम खाणीवर दगड फोडायचा. चार वर्षं त्यानं रक्त दिलं, पाचव्या वर्षी त्याच आजारानं गेला. एक्केचाळिसाव्या वर्षी. लक्ष्मीबाई पडवीत वाळल्या मिरच्यांची देठं काढत बसल्या होत्या. मामा समोर टेकले आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. वाकळ, कुलूप, बर्फ, पातळ झालेल्या नळ्या. लक्ष्मीबाईंचा हात चालूच होता.

"त्यांचं बी?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"चार सालाचं होतं."

"आठ नळ्या होत्या."

मिरच्यांची धग नाकात जात होती. मामा खोकले. लक्ष्मीबाईंनी सूप जरा लांब सरकवलं. "मग टाकलं का?"

"न्हाय अजून. बेस्तरवारी सोलापूरहून गाडी येती. पिवळ्या पिशवीत भरून द्याचं."

"गाडी कुठं नेती?"

"भट्टी हाय तिकडं. जाळत्यात."

लक्ष्मीबाईंचा हात पहिल्यांदा थांबला. अंगणापलीकडं रस्त्यावरून एक ट्रक गेला, धूळ उडाली, बसली. "आमाला वाटलं हुतं," त्या म्हणाल्या, "त्यांचं समदं आमीच जाळून आलो."

बेस्तरवारी किती वाजता, असं लक्ष्मीबाईंनी विचारलं. साडेधाला, मामा म्हणाले. त्यांनी मान हलवली, जशी बाजाराची वेळ ऐकून हलवावी. मग त्या आत गेल्या, तांब्या घेऊन आल्या, मामांच्या पुढं ठेवला आणि पुन्हा मिरच्यांपाशी बसल्या.

"माझं औंदाचं घेणार हायसा का?"

"तुमी म्हणत असाल तर."

"ऱ्हाईल का ते?"

मामा पाणी प्यायले. तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायले. "सांगता येत न्हाय," ते म्हणाले.

लक्ष्मीबाईंनी एक मिरची उचलली, देठ मोडलं, टाकलं. घ्या म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. मामा उठले. त्या गावात अजून चौदा घरं होती, आणि पुढं दहा गावं.